दोन बाराचा हात

माझी अम्मी माणसाच्या तोंडाकडं बघायची नाही, हाताकडं बघायची. दुकानात बाई आली की आधी तिचा हात हातात घ्यायची, अंगठ्याच्या बुडाचं हाड दाबून बघायची, आणि मग म्हणायची, "हां, दोन सहा." हे बांगडीचं माप. नाव, गाव, जात, सासर-माहेर हे सगळं नंतर. एकदा एक बाई बारा वर्षांनी माहेरी आली होती, डोक्यावरून पदर नाकापर्यंत. सख्ख्या चुलतीनं ओळखलं नव्हतं तिला. अम्मीनं हात दाबला आणि ओरडलीच, "अगं शेवंते! दोन चारची होतीस, दोन आठची झालीस! सासर मानवलं म्हणायचं!" शेवंता तिथंच रडायला लागली. आनंदानं रडली की दोन आठ ऐकून, ते कळलं नाही.

आम्ही मण्यार. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, नळदुर्गच्या अलीकडं आमचं गाव. त्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर तिथल्या पोलीस चौकीत मला अजूनही मिळणारा चहा बंद होईल. पुढं दुकान, मधे फुलाफुलांचा पडदा, मागं चूल आणि आम्ही. दुकानात अब्बा बसायचे, आणि अम्मी डोक्यावर बांगड्यांची गठडी घेऊन वाड्या-वस्त्यांवर फिरायची. घरात दिवसभर काचेचा आवाज असायचा. मी झोपायचे त्या आवाजात, अभ्यास करायचे त्या आवाजात, आणि तो थांबला की दचकून बघायचे काय झालं. बांगडी 'फुटली' असं आमच्याकडं म्हणायचं नाही, अशुभ. बांगडी 'वाढली' म्हणायचं. एकदा अब्बांच्या हातून वरच्या फळीवरचा अख्खा खोका खाली आला. अब्बा त्या ढिगाकडं बघत, डोळ्यात पाणी आणून, अगदी अदबीनं म्हणाले, "अल्ला, दोनशे वाढल्या."

घरात आमची बोली दख्खनी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि भांडताना दोन्ही. अम्मी अंबाडीच्या भाजीला लसणाची फोडणी द्यायची तेव्हा पडद्यापलीकडं बसलेल्या बाया हात अर्धे भरलेले असतानाच म्हणायच्या, "मामी, तेवढं चाखायला द्या की." मग ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर ती भाजी, असा कार्यक्रम दुकानातच व्हायचा. डाव्या हातात नव्या बांगड्या, उजव्या हातात भाकरी. मी आज सोलापुरात राहते, ऐंशी प्रकारच्या भाज्या मिळतात, पण अंबाडीला ती चव नाही. माझी लेक म्हणते, तुला चव नाही, गिऱ्हाइकं हवीत.

तर त्या वर्षी मी बारावी पास झाले आणि नळदुर्गच्या कॉलेजात जायचं म्हणाले. आमच्या खानदानात बारावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं, मुलगेसुद्धा. अब्बांनी पंधरा दिवस उत्तरच दिलं नाही. अम्मीनं मात्र वाद घातला नाही. रोज रात्री जेवताना नुसतं म्हणायची, "कदमबाईंचा हात बघितला का? शाळेत शिकवतात. खडू धरून धरून बोटं कशी लांब झाली." कदमबाई म्हणजे आमच्या गावच्या शाळेतल्या शिक्षिका. सोळाव्या दिवशी अब्बा म्हणाले, "जाऊ दे तिला. रोज त्या बाईचा हात जेवणात येतोय."

सकाळी सातच्या एसटीनं मी जायचे. खिडकीची जागा मिळवण्यासाठी मी काय काय केलं ते लिहिलं तर माझ्या विद्यार्थ्यांसमोर तोंड दाखवता येणार नाही. लंगडले सुद्धा आहे. कॉलेजात पोचल्यावर तीन तास व्हायचे, कधी चार. मी पहिल्या बाकावर बसून इतिहासाचे सर जे जे बोलतील ते सगळं लिहून घ्यायचे. त्यांच्या खोकल्याच्या जागीसुद्धा मी टिंबं द्यायचे. इतकं सुख मला पुढं कशात मिळालेलं नाही, लग्नात धरून.

आणि त्याच सुमाराला चोऱ्या सुरू झाल्या. आधी ऐकू यायचं ते सोलापुराकडून: मोटारसायकलवर दोघं येतात, मागचा हात घालतो, बाईच्या गळ्यातलं जातं, आणि ती वळून बघेपर्यंत नुसता धूर. मग ते लोण हायवेनं सरकत सरकत आलं. आमच्या फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता कोसभरही नाही, दोन्ही बाजूंना शेतं. तिथं पहिला हात पडला तो कदमबाईंच्या गळ्यावर. भर दुपारी शाळा सुटून येताना. मंगळसूत्र गेलं, मानेवर लाल वळ उठला, आणि त्या माउलीनं घरी जाऊन आधी वह्या तपासल्या, मग रडली. त्यानंतर दवाखान्यातली नर्स. मग तुळजापूरला दर्शनाला निघालेल्या दोघी सासू-सुना, एकाच झटक्यात दोघींचं. गावात बायांनी रस्त्यानं जाणं सोडलं. गळ्यातलं काढून पिठाच्या डब्यात घातलं. पुढं कित्येक भाकऱ्यांत मणी निघाले, ते वेगळंच.

चौकीची अवस्था मला अजूनही हसवते आणि तेव्हाही हसवायची, पण तेव्हा हसले की अब्बा रागवायचे. चौकीत माणसं तिघं नेमलेली, असायचे दोघं, दिसायचा एक. कुठं नवरात्राचा बंदोबस्त, कुठं मंत्र्याचा दौरा, कुठं हायवेवर ट्रक आडवा झालेला. हायवेवर काहीही उलटलं की आमचे पोलीस तिकडं. जीप मोठ्या ठाण्याची, ती यायची तशी यायची. चौकीला स्वतःचं असं म्हणाल तर एक सायकल, एक शिट्टी आणि बेड्यांचा एक जोड. तो जोडही त्या वेळी तुळजापूरला बंदोबस्ताला गेला होता. गायकवाड हवालदार म्हणून होते, पन्नाशीचे, मिशा भारी, दम कमी. कदमबाईंची तक्रार लिहून घेताना ते स्वतःच जास्त हळहळत होते. "बाई, म्या एकटा हाय. पळत गेलो तर चौकीला कुलूप लावावं लागतं, आन् कुलूप लावलं तर वरनं इचारत्यात, चौकी बंद का."

त्या संध्याकाळी अब्बांनी फर्मान काढलं. अम्मीनं गठडी घेऊन वस्त्यांवर जायचं नाही. आणि मी कॉलेजला जायचं नाही. फाट्यापर्यंत त्याच रस्त्यानं चालत जावं लागायचं ना.

"माझ्या गळ्यात काय आहे?" मी म्हणाले. "काळा दोरा! त्यात पीरसाहेबांचा ताईत! नेऊ द्यात की!"

"नक्को म्हटलं तर नक्को," अब्बा म्हणाले. "चोर सापडू दे, मग बघू."

चोर सापडू दे! एकटे गायकवाड हवालदार आणि एक सायकल! मी अन्नत्याग केला. सकाळपासून दुपारपर्यंत चालला. दुपारी अम्मीनं गहू-मटणाचा खिचडा केला. असल्या आईसमोर उपोषणं टिकत नाहीत. पण खरं सांगायचं तर आतून मी घाबरले होते, आणि चोरांना नव्हे. दिवाळीच्या आत हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. आणि उमरग्याहून फुप्पीचं, म्हणजे अब्बांच्या बहिणीचं, पत्र आलं होतं: तिच्या दिराचा मुलगा, सायकलचं दुकान, स्वभाव गरीब, पोरगी घरीच बसली असेल तर बघायला येते. 'घरीच बसली असेल तर' हे तिला इतक्या लवकर कसं कळलं, देव जाणे. दिवस मोजत होते मी. तिसरा आठवडा संपत आला होता. अब्बा पत्र दुमडून खिशात ठेवायचे, पुन्हा काढून वाचायचे.

आणि मग एका दुपारी गायकवाड हवालदार दुकानात आले. मागं त्यांचा नवा शिपाई, बालाजी. बालाजी माझ्याहून चार वर्षांनी मोठा असेल, गोरा, मिशी अजून फुटायच्या विचारात. हवालदारांनी इकडं तिकडं बघितलं, पडद्याजवळ सरकले, आणि अब्बांना हळू म्हणाले, "मुसाभाई, एकाला बांगड्या भरायच्या हायत."

"कुणाला?"

हवालदारांनी बालाजीकडं बघितलं. बालाजीनं जमिनीकडं बघितलं.

डाव असा होता. महिला पोलीस मागितली, तर वरून सांगण्यात आलं, नवरात्र होऊ द्या. चोर काही नवरात्र होईपर्यंत थांबणार नव्हते. म्हणून बालाजीला साडी नेसवायची, गळ्यात पितळेच्या वाट्यांचं चमकदार मंगळसूत्र घालायचं, आणि संध्याकाळच्या उन्हात फाट्यापासून गावाकडं एकटंच चालवायचं. साडी हवालदारांच्या बायकोची. चोळी शिवून झाली होती. "पर रिकाम्या हाताची सवाशीण कुठं बघितली का तुमी?" हवालदार म्हणाले. "चोर काय आंधळं हाय?"

अब्बा लाजेनं लाल झाले आणि "मला आता नमाजाला जायचं आहे" म्हणून निघून गेले. नमाजाला अजून तास होता. अम्मीनं बालाजीचा हात ओढून मांडीवर घेतला. मी पडद्यामागं, चुलीपाशी, तोंडात ओढणी कोंबून.

"अगाई गं," अम्मी म्हणाली. "दोन बारा."

दोन बाराच्या बांगड्या आमच्या दुकानात एकच खोका होता, सगळ्यात वरच्या फळीवर, वर्षानुवर्षं धूळ खात पडलेला. आमच्या पंचक्रोशीत तेवढा हात कुणाचाच नव्हता. गावच्या बाया त्या खोक्यावरून अब्बांची थट्टा करायच्या, "मुसाभाई, ती कुणासाठी ठेवलीया? राक्षसीण यायचीय का?" अम्मीनं तो खोका काढला. साबणाचं पाणी लावलं.

"हात सैल सोड."

"सोडलाय की मामी."

"हा सोडलाय? हातात काय काठी धरलीय का? सैल. सैऽल. लग्न झालंय का तुझं?"

"न्हाय."

"मग बायकोला सांग, बांगड्या भरताना ओरडू नको म्हणून. आपण ओरडलो होतो ते सांगू नको." आणि त्याच क्षणी बालाजी असा ओरडला की पुढच्या हॉटेलातला माणूस चहा टाकून बघायला आला. हवालदारांनी त्याला "दात काढतोय" असं सांगून परत पाठवलं.

एका हातात अकरा, एका हातात बारा, हिरव्यागार. आमची रीतच ती, एका हाताला एक जास्त. बांगड्या भरून झाल्या की बाया अम्मीला नमस्कार करतात. बालाजीला ते माहीत होतं वाटतं, पण नमस्कार करायचा की काय करायचं ते सुचेना, म्हणून त्यानं उभं राहून खाडकन सलाम ठोकला. तेवीस बांगड्या एकदम वाजल्या. अम्मी त्या सलामाची गोष्ट पुढं वीस वर्षं सांगत होती.

जाताना हवालदार म्हणाले, "भाभी, ह्यातला एक शब्द बाहेर गेला न्हाय पायजे."

"रोटीची कसम," अम्मी म्हणाली. आणि अम्मीनं ती पाळली. तीच तर पंचाईत झाली.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनकाकू दुकानात आली. सुमनकाकूची पिठाची चक्की होती, फाट्याच्या वळणावर, गावातली सगळी बातमी तिच्याकडं धान्याबरोबर दळून निघायची. ती बसली, हात पुढं केला, मान वर केली, आणि तिथंच बघत राहिली. वरच्या फळीवर, धुळीत, एक स्वच्छ चौकोन होता.

"मामी," ती म्हणाली, "दोन बारा कुणी नेल्या?"

माझी अम्मी आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती, त्यामुळं सराव नव्हता. "अणदूरच्या एका बाईनं," ती म्हणाली.

"अणदूर माझं माहेर हाय," सुमनकाकू म्हणाली. "तिथं दोन बाराचा हात कुणाचा?"

"नवीन आलीय."

"कुणाच्यात?"

"तेवढं विचारलं नाही."

सुमनकाकूनं हात मागं घेतला आणि उठली. अम्मी हात धरून माप सांगते, सुमनकाकू गप्पा मारून. तिला जे कळायचं ते कळलं. गावात असा हात बाईचा नाही. म्हणजे हात गड्याचा. गड्याला बांगड्या कशाला? साडी नेसून बायांच्यात मिसळायला. आणि बायांच्यात मिसळायचं कशाला? गळ्यातलं न्यायला! दुपारपर्यंत चक्कीवर निकाल लागला की चोरांनी आता नवीन सोंग काढलंय, बिचाऱ्या मामीला धमकावून बांगड्या नेल्यात, आणि म्हणून मामी खोटं बोलतेय. पोलिसांना सांगण्यात अर्थ नाही, ते एकटेच आहेत. मग लाटणी जमली, मुसळ जमलं, आणि तिखटाच्या पुड्या बांधल्या गेल्या.

मी तिथंच होते. ज्वारी दळायला गेले होते. मी शपथ घेतली नव्हती, मला सगळं माहीत होतं, आणि एका वाक्यात मी ते थांबवू शकले असते. नाही थांबवलं. चक्कीवर सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सोलापूरला पोचते हे मला माहीत होतं. डाव फुटला तर चोर सापडणार नाहीत, चोर सापडले नाहीत तर कॉलेज नाही, आणि मग सायकलचं दुकान. बालाजीला बसलेलं पहिलं लाटणं माझ्या नावावर लिहा. मी घरी पळाले आणि अम्मीला सांगितलं. अम्मीनं कपाळावर हात मारला, आणि आम्ही दोघी अर्धा डबा ज्वारी घेऊन परत चक्कीवर. बायांना आत थोपवून धरायचं, एवढाच आमचा बेत.

उन्हं कलली होती. सोयाबीनची काढणी झालेली, आणि आमच्याकडचे लोक शेंगा वाळवायला, गाड्यांच्या चाकाखाली मळून निघायला, डांबरी रस्त्यावरच पसरतात. वळणावर अर्धा रस्ता पिवळ्या सोयाबीननं भरलेला होता. हवालदार समोरच्या हॉटेलात वर्तमानपत्रामागं, शिट्टी ओठात. आणि फाट्याकडून ती आली. हिरवी साडी, डोक्यावर पदर, गळ्यात लखलखतं. दिसायला बरी दिसत होती हो. पण चाल! डावा-उजवा, डावा-उजवा, हात खांद्यापासून सरळ.

"चाल बघ," सुमनकाकू म्हणाली. "ही बाई न्हाय."

"काटा रुतला असेल," अम्मी म्हणाली.

"दोन्ही पायात?"

"सुमन, माझं पीठ बारीक दळ आधी."

"मामी, बाजूला व्हा." आणि वीस बाया अम्मीच्या अंगावरून बाहेर पडल्या. पहिली पुडी बरोबर डोळ्यात गेली. बालाजी ओरडला, "मी पोलीस हाय! पोलीस!" त्यावर सुमनकाकूचा आवाज, "चोर बी तेच म्हणत्यात!" आणि लाटणं. हवालदारांच्या तोंडातून शिट्टीच वाजेना, नुसता वारा.

आणि नेमक्या त्या वेळी मागून ती मोटारसायकल आली. दोघं, नंबर पुसलेला. त्यांनी लांबून ते लखलखतं बघितलं होतं आणि वेग घेतला होता. बाया बाहेर पडल्या तेव्हा मागच्याचा हात आधीच लांब झालेला होता. त्यानं झटका मारला, मंगळसूत्र तुटलं, आणि मग त्यांना समोर वीस लाटणी दिसली. त्यांना काय ठाऊक ती दुसऱ्या कुणासाठी आहेत! पुढच्यानं ब्रेक दाबला. सोयाबीनवर. गाडी आडवी होऊन घसरत घसरत चक्कीच्या पायरीपर्यंत आली, अगदी दळायला आल्यासारखी.

मग जो गोंधळ! एकाचा पाय गाडीखाली, दुसरा उठून उलट ओरडायला लागला, "रस्त्यावर धान्य टाकता, वरनं आम्हालाच मारता? आम्ही काय केलं?" उजवी मूठ पोटाशी घट्ट. बाया बिचकल्या, आता तीन चोर झाले होते. हवालदार धापा टाकत आले आणि त्यांनी एकदाचं सांगून टाकलं की हिरव्या साडीतला आपला आहे. सुमनकाकूनं लाटणं मागं लपवलं. "मूठ उघड," हवालदार म्हणाले. तो उघडेना. हवालदारांनी बोटं ओढली, सुमनकाकूनं ओढली, मूठ दगडासारखी. तोपर्यंत हॉटेलातले गडी जमले, आणि त्यातला एक म्हणायला लागला, "उगं वाटसरूला धरलं वाटतं." मी बघत होते. त्या मुठीत माझं कॉलेज होतं.

तेव्हा अम्मी पुढं झाली. रस्त्यावरच सोयाबीनमध्ये बसली, त्याचा हात ओढून मांडीवर घेतला, आणि रोज शंभर बायांना म्हणायची तशी म्हणाली, "सैल सोड बेटा. सैऽल." चार बोटं एका हातात, अंगठ्याच्या बुडाचं हाड दुसऱ्या हातात, आणि एक दाब. पोराचं तोंड उघडलं आणि मूठसुद्धा. काळे मणी, पितळेच्या दोन वाट्या, सगळ्या गावादेखत.

अम्मीनं तो पंजा उलटा सुलटा करून बघितला. "दोन सहा," ती म्हणाली. "बाईसारखा हात आहे रे तुझा. कधी काही काम केलंस का नाही?"

बेड्या तुळजापुरात. मग बालाजीची साडी सोडली आणि त्याच साडीनं दोघांना बांधलं. बालाजी खाकी अर्ध्या चड्डीत, चोळी आणि तेवीस बांगड्या घालून, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, मधे उभा. आणि सुमनकाकू त्याच्या डोळ्याला तूप लावत, "लेकरा, चुकलं रे, लेकरा," म्हणत होती. जीप अर्थातच नव्हती. पिठाची पोती न्यायला आलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चोर घातले, राखणीला वीस बाया चढल्या, आणि देवीची गाणी म्हणत वरात गावात शिरली. अम्मी मधे बसलेली, चोराचा हात अजून तिच्या मांडीवर. तेवीसपैकी एकही बांगडी वाढली नव्हती. दुसऱ्याच आठवड्यापासून बाया दुकानात 'पोलीस बांगडी' मागायला लागल्या, आणि अब्बांनी कुणालाही नाही म्हटलं नाही. आज आमच्या फाट्यावर कॅमेरा बसलाय. तो कुणाकडं बघतो ते त्यालाच माहीत.

घरी आलो तर फुप्पी येऊन बसलेली. उमरग्याची गाडी त्याच वेळी आली होती, तिनं सगळं फाट्यावरूनच पाहिलं होतं. "भाईजान," ती म्हणाली, "असल्या गावात जवान पोरगी ठेवायची? चोर, मारामारी, भाभी रस्त्यात बसलेली. उद्याच हो म्हण आणि मोकळा हो."

अब्बांनी ताट पुढं ओढलं. मी भाकरी वाढत होते, माझा हात थांबला. मग त्यांनी अम्मीला विचारलं, "तू भ्यालीस का?"

"हौ," अम्मी म्हणाली. "हात थरथरत होता."

"मग?"

"मग काय. त्याचा हात धरल्यावर थांबला."

अब्बांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला, आणि तसाच धरून ठेवला. "भीती माझी होती," ते म्हणाले. "कोंडलं मात्र तुम्हा दोघींना." मग माझ्याकडं न बघता, "रेहाना, सातची गाडी सातलाच आहे ना अजून?"

"आणि पोराकडच्यांना काय सांगू?" फुप्पी म्हणाली.

"सांग, पोरीची हजेरी कमी पडलीय."

त्या रात्री मी झोपले नाही. सकाळी साडेसहाला फाट्यावर गेले तर तिथं निम्मं गाव. महिनाभर घरात बसलेल्या बाया, कुणी तुळजापूरला, कुणी माहेरी, कुणी नुसतंच नळदुर्गला जाऊन यायला म्हणून निघालेल्या. अम्मी गठडी घेऊन पुढच्या वस्तीवर उतरणार होती. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता, "अहो, आज काय गाव रिकामं करताय का?" मला खिडकी मिळाली नाही. अर्धा रस्ता मी सुमनकाकूच्या कोपराखाली उभी होते आणि मला तेही फार आवडलं.

कॉलेजच्या फाटकाला कुलूप होतं. आत फळ्यावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलेलं दिसत होतं: आज महाविद्यालयास सुट्टी. का, ते लिहिलं नव्हतं. माझी परतीची गाडी दुपारी. मी पायरीवर बसले, वही उघडली, तारीख घातली, भाकरी-चटणी खाल्ली, पाणी प्यायले, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रककडं बघत बसले, आणि रोजच्या वेळेला घरी आले.

अब्बा दुकानातून उठून बाहेर आले. असं ते कुणासाठी येत नसत.

"किती तास झाले?"

"तीन," मी म्हणाले.

"काय शिकवलं?"

"इतिहास."

"समजला?"

"सगळा," मी म्हणाले, आणि पडदा सारून आत गेले.